चार टाइल्स वाचवताना

जून २०२५ मधला एक रविवार. त्या दिवशी कुणाचा जीव गेला नाही, म्हणून कुठे बातमी आली नाही. पण दुपारी ३:२० नंतर तासाभरात आमच्या इमारतीतल्या सोळा घरांचं पाणी गेलं, वीज गेली आणि पहिल्या मजल्यावरच्या एका हॉलचं छत खाली आलं. बिघडायची सुरुवात सकाळी आठलाच झाली होती. ती कुणाच्या लक्षात आली नाही, कारण सगळ्यांचे कान हातोड्याकडे लागले होते.

जागा अशी: खडवली स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरची चार मजली इमारत. लिफ्ट नाही. तळमजल्यावर दुकानं आणि मीटर रूम, वर चार मजले, मजल्यावर चार घरं. गच्चीवर पाच हजार लिटरची काळी टाकी, जमिनीखाली सिमेंटची टाकी, आणि मध्ये पाण्याची पातळी उतरली की आपोआप सुरू होणारा पंप. गावाला लागून भातसा वाहते. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा भातसा धरणाचा, आणि ते पाणी याच पात्रातून पुढे पिसे बंधाऱ्याकडे जातं. आमच्याकडे मात्र दिवसाआड.

सकाळी ८:०५ (७ तास १५ मिनिटं बाकी)

प्लंबर टिटवाळ्याहून आला. मदतीला एक पोरगा. काम दुसऱ्या मजल्यावर: बाथरूमच्या भिंतीतले जुने पाइप बदलायचे. लक्षणं नेहमीचीच. सकाळी पहिली बादली तांबूस, गिझर भरायला वेळ, शॉवरची धार मरतुकडी, आणि खालच्यांच्या बाथरूमच्या छताला वर्षभरापासून ओल.

बाथरूम दिसायला झकास. चार वर्षांपूर्वीच नवं केलेलं. छतापर्यंत टाइल्स, नवा डायव्हर्टर, काचेचं पार्टिशन. भिंतीच्या आत मात्र बिल्डरच्या काळातले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप तसेच. टाइल्सवर झाला तो खर्च पाहुण्यांना दिसतो, भिंतीतल्या पाइपाचा कुणाला दिसत नाही. त्यामुळे बजेट आटलं की पहिली कात्री पाइपावर चालते. आमच्या भागात दहातल्या आठ बाथरूमची गोष्ट हीच असेल.

प्लंबरने भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाला, "वहिनी, पुरं काम करायचं तर डक्टपर्यंत जावं लागेल. मेन लाइनच्या टीपासून नवीन घेतो. ही बाजू सगळी निघेल."

"मिस्त्री, चारच टाइल्स काढा हो. हे डिझाइन आता येत नाही. माळ्यावर तीनच शिल्लक आहेत."

"टीजवळचा तुकडा मग जुनाच राहील."

"राहू दे की. तो कुठे गळतोय?"

चहा आला आणि ठरलं. डायव्हर्टरपासून कोपऱ्यापर्यंतची लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची, आणि कोपऱ्यापासून टीपर्यंतचं, म्हणजे डक्टमधल्या मेन लाइनवरच्या तीन तोंडांच्या जोडापर्यंतचं, पाऊण इंची निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा पाइप) जुनं. साधारण वीतभर लांबीचं लोखंड भिंतीत ठेवायचा हा निर्णय त्या दिवसातला सर्वांत महाग निर्णय होता.

सकाळी ९:०० (६ तास २० मिनिटं बाकी)

प्लंबर गच्चीवर गेला. टाकीतून खाली येणारी लाइन, म्हणजे डाउनटेक, बंद करायला एक गेट व्हॉल्व्ह. इमारत उभी राहिली तेव्हा बसवलेला. त्यानंतर त्याला कुणी हात लावल्याचं सेक्रेटरींनाही आठवत नव्हतं.

गेट व्हॉल्व्हच्या आत पाचरीसारखी एक पितळी झडप असते. वरचं चाक फिरवलं की दांडा खालीवर होतो, आणि दांड्याच्या टोकाच्या खाचेत अडकलेली झडप त्याच्याबरोबर खालीवर होते. रोज वापरात असलेला व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं चालतो. एका जागी उभा राहिलेला मात्र आतून जाम होतो. पाण्यात राहून पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं. आकार तसाच राहतो, पण पितळ तांबूस आणि ठिसूळ झालेलं असतं.

चाक हाताने हलेना. प्लंबरने पाना लावून जोर दिला. करकर करत ते फिरलं आणि झडप खाली बसली. दुसऱ्या मजल्यावरचा नळ आधी बारीक झाला, मग थांबला. "बंद झालं!" पोराने जिन्यातून ओरडून सांगितलं. या वेळी तपासायला एक नळ होता, म्हणून खात्री झाली.

सकाळी १०:०० (५ तास २० मिनिटं बाकी)

छन्नीचा पहिला घाव पडला आणि पाचव्या मिनिटाला वरच्या मजल्यावरचे आजोबा दारात हजर. रेल्वेत इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. "बीमला हात लावायचा नाही. कॉलमलाही नाही. काय तोडताय ते आधी दाखवा."

त्यांचं चुकत नव्हतं. आमच्यापासून चार स्टेशनं पलीकडे, कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत, २० मे २०२५ रोजी चौथ्या मजल्यावरचा स्लॅब खालच्या मजल्यांवर कोसळून सहा जणांचा बळी गेला होता. चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात फरशीचं काम चालू होतं. त्यानंतर या पट्ट्यात कुणाकडे हातोडा वाजला की शेजारी दार ठोठावतात. आजोबांना २०१७ सालचं घाटकोपरही आठवत होतं. दामोदर पार्कातली इमारत २५ जुलैला कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरफाराचं काम सुरू होतं.

प्लंबरने दाखवलं: वीटकामाची अर्ध्या विटेच्या जाडीची भिंत, म्हणजे सगळे म्हणतात ती चार इंची. भार फ्रेमवर, भिंतीवर नाही. तरी आडवी झिरी खोल मारायची नाही हे त्याला माहीत होतं. भार घेणाऱ्या वीटभिंतीसाठी भारतीय मानकात उभ्या झिरीची खोली भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, तर आडवीची फक्त एक षष्ठांशापर्यंत ठेवायला सांगितलं आहे. आडवी झिरी भिंतीला तिच्या रुंदीभर कापत जाते, म्हणून ती जास्त घातक. त्याने मशीनने दोन समांतर काप घेतले आणि मधला भाग छन्नीने हलक्या हाताने काढला. आजोबांचं समाधान झालं. स्लॅब सुरक्षित होता, भिंतही सुरक्षित होती. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि धोका संपला असं धरून चालले.

जुना पाइप निघाला तेव्हा बघायला गर्दी झाली. अर्ध्या इंची पाइपात जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक उरलं होतं. बाकी सगळा गंजाचा थर, तपकिरी, पापुद्र्यांचा, बोट लावलं की भुगा. बाहेरून जस्ताचा मुलामा केव्हाच गेलेला. ओल्या प्लास्टरला टेकलेल्या बाजूला पाइप कागदासारखा पातळ झाला होता. ज्या भोकातून खालच्या घरात ओल जात होती ते टाचणीच्या डोक्याएवढं निघालं.

पाइप सर्वांत कमजोर असतो तो आट्यांपाशी. आटे पाडताना तिथलं जस्त खरवडलं जातं आणि धातूची जाडीही कमी होते. म्हणजे जिथे जोड, तिथेच पाइप सर्वांत पातळ आणि सर्वांत उघडा. जुन्या लाइनीत कित्येकदा पाणी अडवून धरतो तो आट्यांत भरलेला गंजच. जोवर कुणी हलवत नाही तोवर तो धरून ठेवतो.

सकाळी ११:२० (४ तास बाकी)

कोपऱ्यातला जुना एल्बो निपलावरून सुटेना. प्लंबरने दोनदा पाना लावला, मग हात आखडता घेतला. "जास्त जोर दिला तर आतून तुटेल. राहू दे, याच्यातच नवीन जोड घेतो." त्याला धोका कळला होता. फक्त तो धोका त्याने चार तास पुढे ढकलला.

एल्बोत बसवायला पितळी आट्यांचा जोड हवा होता. लोखंडात प्लास्टिकचे आटे पिळले की ते चिरतात, आणि भिंत बंद झाल्यावर गळायला लागतात. खडवलीत त्या मापाचा प्लास्टिकचाच मिळाला. प्लंबर म्हणाला, नको, पितळीच आण. पोरगा टिटवाळ्याला निघाला. रविवार, म्हणजे मेगाब्लॉक, गाड्या उशिरा. नदीवर आलेली मंडळी स्टेशनावर, टिटवाळ्यात महागणपतीच्या दर्शनाची गर्दी. एक स्टेशन अंतर, पण तो परतला सव्वादोन उलटून गेल्यावर. कामात चोख राहायला निघाल्यामुळे तीन तास गेले, आणि त्या तीन तासांनीच पुढचा घोळ घातला.

दुपारी १२:३० (२ तास ५० मिनिटं बाकी)

डाउनटेक बंद म्हणजे इमारतीतल्या सगळ्या घरांचं पाणी बंद. रविवारची दुपार, कुकर लागलेले, भांडी पडलेली. जिन्यातून आवाज सुरू झाले. "अहो, किती वेळ?" "सांगितलं का नाही?" नोटीस कुणी लावली नव्हती. सेक्रेटरींनी प्लंबरला विनंती केली: तात्पुरतं चालू करा.

प्लंबरने एल्बोच्या तोंडात प्लग मारला. आट्यांना ताग गुंडाळला, वर सफेदा, आणि दोन हातांनी करकचून आवळला. तेवढ्यापुरतं काम पक्कं झालं. मग गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह उघडला. चाक पूर्ण वर नेलं आणि शेवटी पान्याने एक झटका दिला. तो एक झटका जास्त होता. झडप वरच्या पोकळीत रुतून बसली आणि तिला धरणारी खाच तुटली. बाहेरून काहीच कळलं नाही. नळांना पाणी आलं, सगळे खूश.

आता त्या व्हॉल्व्हचं चाक आणि झडप यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता.

दुपारी २:२५ (५५ मिनिटं बाकी)

पितळी जोड आला. प्लंबर जेवून उठला. त्याला सातच्या आत टिटवाळ्यात दुसरं काम होतं.

दुपारी २:५० (३० मिनिटं बाकी)

व्हॉल्व्ह बंद करायला या वेळी पोरगा गेला. चाक सकाळी पान्याशिवाय हलत नव्हतं, आता एका हाताने गरगर फिरलं. हे विचित्र होतं, पण सकाळी चाक फिरवलं होतं ते प्लंबरने, पोराने नाही. तुलना करायला त्याच्याकडे काही नव्हतं. "बंद केलं!"

खाली खात्री करायला नळ नव्हता. त्या बाथरूमची लाइन काढलेली, उरलेल्या तोंडाला प्लग. पाणी आलं काय, थांबलं काय, त्या घरात कळायला मार्गच नाही. चौथ्या मजल्यावर त्याच लाइनीच्या नळाखाली कपडे धुणं चालू होतं आणि धार धो धो पडत होती. तिथे कुणी विचारलं नाही. विचारायला दोन जिने चढावे लागले असते.

दुपारी ३:१२ (८ मिनिटं बाकी)

नवी लाइन झिरीत बसली. सोल्युशन लावून जोड झाले, क्लिपा ठोकल्या, डायव्हर्टर पातळीत घेतला. काम देखणं होतं, आणि चारच टाइल्स निघाल्या होत्या. राहिलं एवढंच की प्लग काढायचा आणि पितळी जोड पिळायचा.

दुपारी ३:२०

प्लंबरने प्लगला पाना लावला. प्लग त्याने स्वतःच ताग-सफेदा लावून आवळलेला, तो कसला सुटतोय. जोर वाढवला. पाना फिरला. प्लग मात्र एल्बोत तसाच घट्ट होता. फिरला होता एल्बो, आणि एल्बोबरोबर भिंतीतलं जुनं निपल. टीमधल्या आट्यांशी ते मोडलं आणि एल्बोसकट बाहेर आलं.

टाकीपासून तिथपर्यंत पाण्याची उंची नऊ-दहा मीटर. दाब साधारण एक किलोचा. पाऊण इंची उघड्या तोंडातून मिनिटाला चार-पाच बादल्या पाणी समोरच्या काचेच्या पार्टिशनवर आदळायला लागलं. प्लंबरने तळहात लावला, तो मागे फेकला गेला. बोळा कोंबावा तर तोंड भिंतीच्या आत, टाइल्सच्या मागे. हात पोचत नव्हता. पोचण्यासाठी ज्या टाइल्स तोडाव्या लागल्या असत्या, त्याच दिवसभर वाचवल्या होत्या.

"कॉक बंद कर!" पोरगा धावत गच्चीवर. चाक फिरवतोय, फिरवतोय.

दुपारी ३:२७ (७ मिनिटं झाली)

नहाणी ट्रॅपमध्ये सिमेंटचा रबीट अडकलेला. पाणी उंबरा ओलांडून हॉलमध्ये, हॉलमधून जिन्यात. तेवढंच पाणी टीभोवतालच्या पोकळीतून उलट्या बाजूला डक्टमध्ये, आणि तिथून खाली.

दुपारी ३:३१ (११ मिनिटं झाली)

गच्चीवरच्या टाकीची पातळी उतरली. सेन्सरने आपलं काम केलं, पंप सुरू झाला. खालच्या टाकीतलं पाणी वर, वरचं दुसऱ्या मजल्यावर. गळतीला आता दोन टाक्यांचं बळ मिळालं होतं. पाणी संपू नये म्हणून केलेली सोय ते वेगाने संपवत होती. जिन्यातल्या गोंधळात पंपाचा आवाज कुणी ऐकला नाही.

दुपारी ३:३८ (१८ मिनिटं झाली)

पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग फुगून खाली झुकलं. कॉलेजात जाणारा मुलगा शहाणा. त्याने आईला आणि आजीला बाहेर काढलं, केरसुणीचा दांडा घेतला आणि फुगवट्याला भोक पाडलं. पाण्याची जाड धार सुटली, भार उतरला. अर्धं सीलिंग वाचलं. उरलेलं अर्धं पाच मिनिटांनी सोफ्यावर कोसळलं, पण तेव्हा खोलीत कुणी नव्हतं.

दुपारी ३:४५ (२५ मिनिटं झाली)

डक्टचं पाणी तळमजल्यावर मीटर रूमच्या भिंतीतून झिरपायला लागलं. जमिनीवर घोटाभर पाणी. एक शेजारी अनवाणी मेन स्विच पाडायला आत निघाला. आजोबांनी मागून त्याचा शर्ट धरून ओढला. "ओल्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही! महावितरणला फोन करा. सप्लाय बाहेरून कापू दे." त्यांनी दोन्ही हात पसरून दार अडवलं आणि हलले नाहीत. सकाळपासून ते ज्या धोक्याची राखण करत होते तो स्लॅबचा होता. खरा जीवघेणा क्षण इथे होता, आणि तो त्यांनी बरोबर ओळखला.

दुपारी ३:५२ (३२ मिनिटं झाली)

बोर्डात ठिणग्या, एक मोठा आवाज, जळका वास. इमारत अंधारात गेली. पंप बंद पडला. खालच्या टाकीत थोडं पाणी उरलं ते केवळ या शॉर्टसर्किटमुळे.

दुपारी ४:३० (७० मिनिटं झाली)

वरची टाकी रिकामी. वायरमनने खांबावरून सप्लाय तोडला. प्लंबरने डक्टपर्यंतची सगळी बाजू उघडली, टाइल्स मोजायला कुणी थांबलं नाही. जुनी टी काढली, मेन लाइनला नवी बसवली.

रात्री ८:००

मेणबत्तीच्या उजेडात कमिटी बसली. भरपाई कुणी द्यायची? सोसायट्यांचा रिवाज स्पष्ट आहे: सामाईक लाइन सोसायटीची, घरातली सभासदाची. टी सोसायटीची, निपल सभासदाचं. आणि मोडलं होतं ते बरोबर आट्यांशी, जिथे निपल टीमध्ये शिरतं. निपलाचा तुकडा टीत अडकून राहिलेला. एकाचं म्हणणं तुकडा आत आहे म्हणजे सोसायटीचा. दुसरा म्हणाला, तुकडा निपलाचा आहे म्हणजे त्यांचा. टी टेबलावर ठेवून तासभर वाद झाला.

तीन गोष्टींवर मात्र वाद झाला नाही. पहिली, प्रत्येक घराची शाखा डक्टमधून निघते तिथेच बॉल व्हॉल्व्ह बसवायचा, हात पोचेल असा, टाइल्सच्या मागे नाही. त्याचा दांडा पाइपाला समांतर असला की चालू, आडवा असला की बंद, लांबूनही दिसतं. तो असता तर एका घरासाठी सोळा घरांचं पाणी तोडावं लागलं नसतं आणि घाईही झाली नसती. दुसरी, भिंत बंद करण्याआधी नव्या लाइनीला हातपंप लावून दाब चढवायचा, काटा तासभर जागचा हलला नाही तरच प्लास्टर. तिसरी, टाइल्स लावण्यापूर्वी उघड्या पाइपांचे फोटो काढून सोसायटीच्या फाइलला लावायचे.

निपल कुणाचं हे ठरेना तेव्हा आजोबा उठले. "निम्मे निम्मे भरा आणि मोकळे व्हा. आणि सेक्रेटरी, गच्चीवरचा व्हॉल्व्ह अजून तोच आहे. उद्या पाण्याचा दिवस आहे."

सेक्रेटरींनी प्लंबरला फोन लावला. तो टिटवाळ्यात दुसऱ्या कुणाच्या तरी भिंतीसमोर उभा होता.